एका वाक्याचा माग

"कुणाकडून?"

असं विचारताना ते बोरू कानामागे खोचत आणि समोरच्याकडे असं बघत, की खोटं बोलणारा तर सोडाच, खरं बोलणाराही गडबडून जाई. नांदेडच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली पोतं अंथरून अर्ज लिहिणारे चार-पाचजण बसत. त्यांत हे सगळ्यात संथ, आणि तरी सगळ्यात जास्त माणसं ह्यांच्याच पुढे. नाव मी सांगत नाही. सगळे त्यांना अर्जनवीसच म्हणत, मी काका म्हणे. ते गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहत. शिवाय नाव लिहिलं, तर ते जिथे असतील तिथून दाखला मागतील.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कचेरीचं सगळं काम उर्दूत चाले. खेड्यातला माणूस आपलं गाऱ्हाणं मराठीत रडे, काका ते उर्दूत मांडीत. पण मांडण्याआधी चाळून घेत. एकदा एक शेतकरी आला. "पाटलानं माझा बांध कोरला, लिवा," म्हणाला.

"तुमच्या समोर?"

"न्हाई. पन सगळं गाव म्हनतंय."

"बरं. सगळं गाव," काकांनी बोरू दौतीत बुडवला. "त्याच्या बापाचं नाव सांगा."

शेतकरी डोकं खाजवत उठला आणि चौथ्या दिवशी बांध डोळ्यांनी पाहिलेल्या दोघांना घेऊन आला. तो अर्ज मंजूर झाला. काकांनी लिहिलेला कागद साहेब लोक उलटतपासणी न करता पुढे सरकवतात, असं कचेरीत बोललं जाई. कुणाकडून ऐकलं ते मात्र मला सांगता येणार नाही.

गल्लीतही तोच खाक्या. एका आषाढात गोदावरीला पूर आला आणि पाणी घाटाच्या वर चढलं अशी बोंब उठली. आम्ही भांडीकुंडी बांधली, माझ्या आईनं देव पदरात घेतले. काका छत्री घेऊन शांतपणे खाली गेले आणि गुडघ्यापर्यंत ओलं धोतर घेऊन परत आले. "दोन पायऱ्या राहिल्यात. माझ्या समोर." एवढंच बोलले, आणि सगळ्या गल्लीनं बोचकी सोडली. "माझ्या समोर" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आले, की त्यापुढे आम्हाला काही लागत नसे.

मी त्यांना चिडवायचो. "काका, तुमचा जन्म झाला हे तुम्हाला कुणाकडून कळलं?"

"आईकडून," ते म्हणत. "तिच्या समोर झाला."

आता माझ्यावर बेतलं ते सांगतो.

त्या दिवसांत दुसरी मोठी लढाई चालू होती. नांदेडात ती दोनच गोष्टींतून जाणवायची: रॉकेल मिळत नव्हतं, आणि बाजारात ताशे वाजवत भरतीवाले यायचे. मी एका खाजगी मराठी शाळेत मास्तर होतो. सुंदर अक्षराचा नमुना म्हणून रोज फळ्यावर एक चांगलंसं वाक्य लिहायचो आणि मुलं ते पाटीवर गिरवायची. त्या दिवशी मी लढाईवरचं ते प्रसिद्ध वचन लिहिलं. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. लढाईच्या गोष्टी लांब बसून ऐकणाऱ्यालाच गोड लागतात, अशा अर्थाचं. ते जसंच्या तसं इथे लिहीत नाही. त्या दिवसानंतर मी ते पुन्हा कुठेही लिहिलेलं नाही, आणि आता ह्या वयात नवं धाडस नको.

नेमके त्याच दुपारी शाळातपासणीचे साहेब आले, आणि त्यांच्यासोबत भरतीचे अंमलदार. साहेब वयस्क, विद्वान, बोलायला अत्यंत अदबशीर. त्यांनी फळ्यावरच्या वाक्याचा अर्थ मला विचारला. मी सांगितला. अंमलदारांच्या मिशा ताठ झाल्या.

"मास्टरसाहब, ये किसका कौल है?" साहेबांनी विचारलं. हे वचन कुणाचं?

"सगळ्यांचंच, हुजूर," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी ह्याहून वाईट उत्तर दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कागद आला. हे वाक्य कुणाचं आहे ते पंधरा दिवसांत लेखी कळवावं. जुन्या ग्रंथातलं असेल तर ग्रंथ दाखवावा. मास्तरानं स्वतः रचलं असेल तर त्याची नेमणूक संपली असं समजावं. तोवर शाळेत पाऊल टाकू नये. घरात आई, बायको, आणि मी त्या शाळेखेरीज कशाच्याच उपयोगाचा नव्हतो. 

मी भिंतीपलीकडे गेलो. काकांनी कागद दोनदा वाचला.

"कुणाचं हाय मग?"

"कुणाचं म्हणजे? सगळेच म्हणतात!"

त्यांनी बोरू कानामागे खोचला. पुढे ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घाईनं म्हणालो, "महाभारतातलं आहे असं लिहून टाका."

"कोन्त्या पर्वात?"

आम्ही गल्लीतल्या शास्त्रीबुवांकडे गेलो. बुवांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेले ठेवले आणि सांगितलं, की असं वचन संस्कृतात आहे खरं, पण कुणाचं ते सांगता येणार नाही, असल्या वचनांना बाप नसतो. मग माझी दया येऊन म्हणाले, "व्यासांचं नाव घाला. ते काही तक्रार करायला येत नाहीत."

"म्हनूनच घालनार न्हाई," काका म्हणाले.

ह्या नकारामागचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे बैल चोरीला गेला, की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, खुरांचा माग काढी. माग शिवेवर पोचला की पुढच्या गावाला बोलावून तो त्यांच्या हवाली करायचा. त्या गावानं तो आपल्या शिवेतून बाहेर गेलेला दाखवायचा आणि तिसऱ्या गावाला द्यायचा. ज्याच्या शिवेत माग मोडला, त्या गावानं चोरीचा जाब द्यायचा. काही गावं काटेरी फांदी फिरवून आपल्याकडचा माग पुसत आणि शेजारच्या शिवेत खोटे खूर उमटवत. अशा चोरीचे शेकडो अर्ज काकांनी लिहिले होते. ह्या फांदीवाल्यांचा त्यांना मनस्वी संताप होता. एरवी त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, पण त्या विषयावर चढे.

"ग्रंथात न्हाई ना? मग मानसांत असल," ते म्हणाले. "मास्तर, तुमी कुनाकडून ऐकलं? आठवा. तिथून माग धरू."

मी आठवलं. लोह्याच्या माझ्या मामांकडून.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोह्याला. मामा औत सोडून बाभळीखाली भाकरी खात बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली.

"वाक्यानं नोकरी चालली?" मामा घास हातात धरून म्हणाले. "माझ्या मारक्या बैलानं बी एवढं नुकसान केलं न्हाई कवा." मग काकांच्या मांडीवरचा कागद दिसताच सावध झाले. "माझं नाव लिवू नका बरं त्याच्यात."

"मग माग शिवेबाहेर काढा. कुणाकडून ऐकलं?"

मामांना इतक्या झटकन आठवलं, की मला त्यांचं कौतुक वाटलं. "जळकोटचा नालबंद! बैलाला पत्र्या मारताना म्हनला व्हता."

"तुमच्या समोर?"

"माझ्या बी आनि बैलाच्या बी."

काकांनी फक्त मामांचं लिहून घेतलं.

जळकोटला जायला बाजाराची बैलगाडी मिळाली. मी वाटभर कुरकुर केली, काका कागद छातीशी धरून बसले होते. म्हातारा नालबंद एका खोंडाला आडवं पाडून त्याच्या खुरावर वाकला होता. प्रश्न ऐकून त्यानं हातोडी खाली ठेवली.

"मैं नै बनाया बाबा. मैं सुन्या सो बोल्या."

"कुणाकडून, चाचा?"

"लातूर में. गंज के पास माँजी की खानावळ हाय ना, वहाँ एक मुन्शीजी खाने को आते थे. उनो बोलते थे. मिसर की लडाई को जाको आए थे."

काकांनी लिहिलं. 'मिसर', म्हणजे इजिप्त, लिहिताना बोरूचं टोक मोडलं. त्यांनी दुसरा बोरू काढला आणि वाक्य पुरं केलं. जळकोटहून लातूरपर्यंत ते धोतराचा सोगा तोंडाशी धरून बसले. मला वाटलं, मोटारीचा धूर लागला असेल.

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या पेठेत, तेव्हा जवारीच्या गाड्यांची ही गर्दी. खाणावळ सापडायला वेळ लागला नाही. बाई साठीच्या, कपाळ मोकळं, हाताला सारखं काम. आम्ही पाटावर बसलो. भाकरी आली, वरण आलं. काका काही विचारीनात. नेहमी तोंडावर असलेला प्रश्न आज का अडला ते मला कळेना, शेवटी मीच विचारलं.

"मुन्शीजी व्हय!" बाईंचा चेहरा उजळला. "लई वर्षं जेवले माझ्याकडं. रिसाल्यात घोड्यांच्या चाऱ्याचे कारकून व्हते. लोक लढाईचं इचारायचे, हे तेवढंच म्हनायचे आनि हात धुवायला उठायचे. मी एकदा इचारलं, मुन्शीजी, हे कुठं शिकलाव? म्हनले, शिकलो न्हाई, तिकडून आल्यावर तोंडातून आलं. पयल्यांदा धाकट्या भावाला सांगितलं. त्याला पटलं न्हाई."

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्यांनी, केवळ सवयीनं म्हणा, विचारलं, "तुमच्या समोर म्हनले?"

"माझ्या समोर. तुमी बसलाव त्याच पाटावर बसून." मग बाई थांबल्या आणि त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. नाक, कपाळ. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

परतीच्या मोटारीची वाट बघताना काकांनी मला सांगितलं. थोरला भाऊ पहिल्या मोठ्या लढाईतून, मिसरहून, परत आला तेव्हा काका बाविशीचे. सगळी गल्ली ओसरीवर जमायची. काका रोज खोदून विचारायचे: तोफ कशी वाजते, किती मेले, तू किती मारलेस. भाऊ ते एकच वाक्य म्हणायचा आणि गप्प व्हायचा. सख्ख्या भावापासून हा चोरून ठेवतो, असं ह्यांना वाटलं.

"एके दिवशी सगळ्यांदेखत म्हनलं मी, लढाईला गेला व्हतास का घोड्यांना चारा घालाया? लोक हसले. तो बी हसला. आठ दिवसांनी लातूरला निघून गेला. कुठं व्हता ते मेल्यावरच कळलं मला." ते मोटारीच्या वाटेकडे बघत होते. "आनि मी सगळ्या जगाला इचारून राहिलो, कुणाकडून, कुणाकडून. माझ्याच ओसरीवर झालेलं इसरलो."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं, तर त्याच क्षणी एक युक्तीही सुचली. मी म्हणालो, "काका, खाणावळीपाशी थांबू. माग लातुरात एका मेलेल्या माणसापाशी मोडला असं लिहू. मेलेल्याला कोण काय करणार? तुमचं नाव येऊ द्यायचं कारण नाही. कचेरीच्या परवान्यावर बसता तुम्ही."

ते माझ्यावर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मास्तर, फांदी फिरवू म्हनता?"

मी मान खाली घातली. आजही ते आठवलं की घालतो.

जबाब त्यांनी दोन दिवस लिहिला. मामा, नालबंद, बाई, ज्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. शेवटचा मजकूर मला पाठ आहे, मराठीत असा होईल: "हे वाक्य माझ्या थोरल्या भावानं सरकारच्या लढाईवरून परत आल्यावर माझ्या घरात, माझ्या समोर, प्रथम उच्चारलं. त्यानं ते कुठे ऐकलं होतं की त्याला सुचलं, हे मृताला विचारता येत नाही. त्याच्या हयातीत मी विचारलं नाही, हा माझा कसूर. मास्तरानं केवळ गिरवलं आहे. माग माझ्या शिवेतून बाहेर जात नाही. सबब जाब माझ्याकडे."

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. शेवटचा मजकूर मोठ्यानं वाचला, मग मनात वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मास्टरसाहब, आप स्कूल जाइए," म्हणाले. काकांना त्यांनी खुर्ची दिली. त्या कचेरीत कुण्या अर्जनवीसाला खुर्ची दिलेली मी पाहिली नव्हती. माझ्या समोर दिली.

पण कागद तिथेच थांबला नाही. वरच्या कचेरीत कुणाला तरी वाटलं, की ज्याच्या घरातून लढाईविरुद्ध बोलणं निघालं त्याला आवारात बसू देणं बरं नाही. परवाना रद्द झाला. मी रडकुंडीला येऊन भिंतीपलीकडे गेलो, तर काका हुकूम हातात धरून तपासत होते.

"सही हाय, तारीख हाय, शिक्का हाय," ते म्हणाले. "कागद बरोबर हाय, मास्तर."

"काका, माझ्यामुळे..."

"न्हाई. माग तुमच्या शिवेतून कवाच भाईर गेला."

महिन्याभरात त्यांनी नांदेडचं घर मोडलं आणि लातूरला त्याच खाणावळीच्या ओसरीवर जाऊन राहिले. लोकांची टपालाची पत्रं लिहायला परवाना लागत नसे. मी सुट्टीत जायचो तेव्हा पाहायचो. पोतं तेच, बोरू तोच, आणि "कुणाकडून?" तेच. सून छळते म्हणून लेकीला पत्र लिहायला आलेल्या सासूलाही सुटका नव्हती.

एकच बदल होता. लढाई संपून जवान घरी यायला लागले, आणि त्यांतले काही त्या ओसरीवर येऊन बसायला लागले. बाजारात त्यांना गाठून लोक नाना गोष्टी विचारत. काका काही विचारत नसत. जन्मभर ज्यानं दुसरं काही केलं नाही, तो माणूस जवान आला की पोत्यावर जरासा सरकून जागा करी, आणि आपलं लिहीत राही. कुणी तासभर बसे, कुणी दिवसभर. एकानं एकदा आपण होऊन काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेव्हा काकांनी बोरू खाली ठेवला आणि तो थांबेपर्यंत उचलला नाही. मी समोर होतो, म्हणून सांगतो: त्यांच्याइतकं चांगलं ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही. ज्या भावाचं ऐकायचं राहून गेलं, त्याच्या वाटचं ते ऐकत होते.

मग निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने आले. रस्ते बरे नव्हते, आणि बातम्यांना तर ऊत आला होता. अमकं गाव जळालं, तमका गेला, दुसऱ्या दिवशी तो तमका बाजारात भाजी घेताना दिसे. अशात एका सकाळी नांदेडच्या मोटारतळावर एका ओळखीच्या कारकुनानं सहज सांगितलं, "तुमचे ते अर्जनवीस लातूरला वारले म्हणे."

"कुणाकडून?" माझ्या तोंडून गेलं. "तुमच्या समोर?"

तो दचकला. म्हणाला, मोटारीच्या ड्रायव्हरकडून. मी ड्रायव्हरला गाठलं. त्यानं लोह्याच्या चहावाल्याकडून ऐकलं होतं. मी तसाच त्याच्या मोटारीत चढलो. वाटेत मी फक्त एवढंच मागत होतो, की हा माग कुठेतरी मोडू दे. कुणीतरी डोकं खाजवू दे, सगळं गाव म्हणतंय असं म्हणू दे. लोह्याच्या चहावाल्यानं मात्र क्षणाचाही वेळ घेतला नाही. लातूरच्या हमालाकडून, म्हणाला, गंजातला आहे, अमक्या अडतीवर मिळेल. हमाल मिळाला. पोतं खाली ठेवून त्यानं खाणावळीच्या दिशेनं हात केला.

ओसरीवर काकांचं पोतं अंथरलेलं होतं. दौत, बोरू जागेवर. बाजूला एक जवान बसला होता, त्याला मी पूर्वी तिथे पाहिलं होतं. मला बघून तो जरासा सरकला. मी बसलो. प्रश्न ओठांवर होता, पण तो विचारायला तोंड उघडेना. 

बऱ्याच वेळानं बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. तो माझ्यापुढे ठेवून त्या पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या.

"माझ्या समोर, मास्तर," त्या म्हणाल्या.